राहुल द्रविड, हे प्रश्न एकदा मोठ्याने विचाराल का?

प्रिय राहुल द्रविड,



हे पत्र क्रिकेटबद्दल नाही, आणि क्रिकेटच्या उपमाही मी यात देणार नाही. तुम्हाला त्या जन्माला पुरतील इतक्या मिळाल्या आहेत. पत्र पैशांबद्दल आहे. आपले पैसे दुसऱ्याच्या सल्ल्याने कुठे गुंतवायचे असतील, तर सही करण्याआधी त्या दुसऱ्याला काय विचारावे, एवढाच विषय. मी बंगळुरूत राहणारी, बँकेतून निवृत्त झालेली बाई. तुम्हालाच का लिहिते आहे, ते आधी सांगते.

मार्च २०१८ मध्ये बंगळुरू पोलिसांनी विक्रम इन्व्हेस्टमेंट नावाच्या कंपनीचा चालक आणि त्याचे एजंट यांना अटक केली. कमॉडिटी बाजारात पैसे लावून वर्षाला चाळीस टक्के, कधी त्याहूनही जास्त परतावा देतो, असे सांगून शेकडो लोकांकडून पैसे घेतल्याचा आरोप होता. गुंतवणूकदारांत प्रकाश पदुकोण आणि साइना नेहवाल यांची नावे निघाली, आणि तुमचेही. तुम्ही सदाशिवनगर पोलिस ठाण्यात तक्रार दिलीत. वीस कोटी गुंतवले, सोळा परत आले, चार अडकले, असा तपशील तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आला. अटक झालेल्या एजंटांत एक क्रीडा पत्रकार होता. खेळाडूंशी असलेल्या ओळखीतून त्याने त्यांना या कंपनीकडे आणले, असे पोलिसांचे म्हणणे होते.

जुनी खपली काढायची म्हणून हे लिहीत नाही. पैसे बुडालेले बरेच लोक तोंडच उघडत नाहीत. मुलगा बोलेल, सोसायटीत हसू होईल, म्हणून पावत्या कपाटात तळाशी ठेवून गप्प बसतात. बँकेच्या काउंटरवर मी अशी माणसे पाहिली आहेत. दबक्या आवाजात विचारतात, ‘मॅडम, याचं काही होईल का?’ त्यांच्याहून कितीतरी मोठे नाव पणाला लावून तुम्ही तक्रार नोंदवलीत. म्हणून पुढचे मागणे तुमच्याकडेच करावेसे वाटते.

आणखी एक कारण आहे. तुम्ही प्रश्न न विचारणारे गृहस्थ नाही. २०१८ च्याच फेब्रुवारीत तुमच्या मार्गदर्शनाखाली १९ वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. क्रिकेट मंडळाने तुम्हाला ५० लाख आणि बाकीच्या प्रशिक्षक-सहायकांना २० लाख जाहीर केले. हा फरक का, असे तुम्ही विचारलेत, आणि शेवटी सगळ्यांना सारखेच २५ लाख मिळाले. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतरही तुम्ही पाच कोटींऐवजी इतर प्रशिक्षकांइतकेच अडीच कोटी घेतले. त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, बंगळुरू विद्यापीठाची मानद डॉक्टरेट तुम्ही नम्रपणे नाकारलीत. पदवी घ्यायची तर संशोधन करून घेईन, ही तुमची भूमिका.

म्हणजे ‘माझी यासाठी पात्रता काय’ आणि ‘कोणाला किती मोबदला, आणि का’ हे दोन प्रश्न तुम्ही स्वतःच्या बाबतीत जगासमोर विचारलेत. पैशांच्या सल्लागाराला विचारायचे पहिले दोन प्रश्न नेमके हेच आहेत. आपल्याला ते ठाऊक नसतात असे नाही. समोरचा ओळखीचा निघाला की ते घशात अडकतात. ‘तुझा नोंदणी क्रमांक सांग’ असे मित्राला म्हणणे आपल्याकडे जवळजवळ अपमान समजला जातो.

या शहरातली प्रकरणे पाहा. जून २०१९ मध्ये शिवाजीनगरची आयएमए ही कंपनी कोसळली. नाव आय मॉनेटरी अॅडव्हायजरी. ‘अॅडव्हायजरी’ हा शब्द पाटीवरच होता. व्याज घेणे धर्मात बसत नाही, म्हणून नफ्यात वाटा देतो, असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे गोळा झाले होते. मालक दुबईला गेला आणि जुलैत दिल्लीला उतरल्यावर पकडला गेला. पुढच्याच जानेवारीत बसवनगुडीच्या श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ठेवीदाराला ३५ हजारांपलीकडे रक्कम काढता येईना. ठेवींवर इतरांपेक्षा जास्त व्याज देणारी ही बँक, आणि ठेवीदारांत निवृत्त मंडळींचा भरणा. मंत्रालयच्या राघवेंद्र स्वामींचे नाव पाटीवर असताना ताळेबंद कोण मागणार? आपल्या मराठी लोकांनीही इतरांकडे बोट दाखवू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली तेव्हा ठेवी अडकलेल्यांत निवृत्त शिक्षक, कारकून, अधिकारी किती होते! ‘मराठी उद्योजक आहे, आपला माणूस आहे’ यापलीकडे चौकशी केलेले त्यांत किती असतील, सांगवत नाही.

खेळाडूंकडे खेळातला माणूस गेला, नमाज्यांकडे धर्माचे नाव घेणारा, बसवनगुडीत स्वामींचे नाव, पुण्यात मराठीपण. ओळखीचा हा वेश प्रत्येक वेळी इतका अचूक कसा बेतला जातो, याचे मला आश्चर्य वाटत नाही. अनोळखी माणसाला आपण सतरा प्रश्न विचारतो. ओळखीच्याला चहा विचारतो.

आता प्रश्नांकडे येते.

पहिला नोंदणीचा. ‘तुम्ही सेबीकडे नोंदलेले आहात का?’ एवढे विचारून भागत नाही, कारण उत्तर ‘हो’ असेच येते. कशासाठी नोंदलेले, हे विचारावे. २०१३ च्या सेबीच्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे ‘एआरएन’ असतो. तो वितरक, सल्लागार नव्हे. शेअरांवर अहवाल लिहिणाऱ्या रिसर्च अॅनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ने आणि पोर्टफोलिओ मॅनेजरचा ‘आयएनपी’ने सुरू होतो. देशात म्युच्युअल फंडांचे वितरक लाखाच्या वर आहेत, आणि सेबीकडे नोंदलेले सल्लागार हजाराच्या आसपाससुद्धा कसेबसे. तरी व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत कोणाच्याही कार्डावर ‘वेल्थ अॅडव्हायजर’ दिसेल. २०२० च्या दुरुस्तीपासून वितरकाला असे बिरूद लावायला मनाई आहे. क्रमांक मिळाला की सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव, पत्ता, मुदत स्वतः पाहावी. त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोला काडीची किंमत देऊ नये.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे. ‘मी ही योजना घेतली तर तुम्हाला कोण, किती आणि किती वर्षे पैसे देणार?’ असे सरळ विचारावे. ‘तुम्हाला काहीच खर्च नाही, कंपनी देते’ हे उत्तर आले तर सावध व्हावे, कारण कंपनी ते आपल्याच पैशांतून देते. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेचे दोन प्रकार आहेत, रेग्युलर आणि डायरेक्ट. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन असते, आणि ते एकदाच नसते. पैसे आत असेपर्यंत दर वर्षी चालू राहते. दर महिना १० हजारांची एसआयपी वीस वर्षे चालली आणि वर्षाला १२ टक्के वाढ धरली, तर ९९ लाखांच्या जवळपास रक्कम होते. तीच ११ टक्के धरली तर साडेशहाऐंशी लाख. एका टक्क्याचा फरक बारा लाखांच्या वर जातो. हे आकडे धरून चाललेले आहेत, कबूल केलेले नाहीत; बाजार कोणालाच कबुली देत नाही. म्हणून वितरक वाईट असे मी म्हणत नाही. बाजार पडल्यावर घाबरून एसआयपी बंद करणाऱ्या गिऱ्हाइकाला रात्री दहाला फोनवर समजावणारे वितरक मला माहीत आहेत, आणि त्यांनी ते बारा लाख कमावले असे मी मानते. पण दुकानदार आहे की वैद्य, हे गिऱ्हाइकाला आधी कळायला हवे. एकाच घराला फी घेऊन सल्लाही द्यायचा आणि त्याच घराला कमिशनवर मालही विकायचा, हे २०२० नंतर नियमात बसत नाही.

विम्याची गोष्ट याहून वाईट. गुंतवणूक म्हणून गळ्यात घातलेल्या पारंपरिक पॉलिसीचा खरा परतावा काढला तर बहुधा पाच-सहा टक्क्यांच्या घरात निघतो, आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याकडे जातो. मी बँकेत होते. मार्च महिन्यात टार्गेटचा तक्ता भिंतीवर लागायचा. त्यात ठेवी असत, कर्जे असत, आणि विमा असे. आमची बँक सल्लागार नव्हती; विमा कंपनीची एजंट होती. मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला आलेल्या आजोबांना मात्र काउंटरच्या आतला प्रत्येक माणूस बँकेचाच वाटतो. अशी पॉलिसी घरी आलीच असेल, तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. २०२४ पर्यंत ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती. हे विकणारा आपणहून सांगत नाही.

तिसरा प्रश्न तुमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचा: चेक कोणाच्या नावाचा? सल्लागार आपले पैसे कधीच हातात घेत नाही. फंडाचे पैसे फंडाच्या खात्यात जातात, शेअर आपल्या नावाच्या डीमॅट खात्यात येतात, सल्लागाराला मिळते ती फक्त त्याची फी. आपल्याकडे काय आहे याचे एकत्रित पत्रक, ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्यासाठी, डिपॉझिटरीकडून ईमेलवर येते. सल्लागाराने बनवलेल्या एक्सेल शीटवर विसंबायचे कारण नाही. पैसे घेणारा, पैसे गुंतवणारा आणि ‘तुमचे पैसे इतके झाले’ असे कळवणारा हे तिघे एकच असतील, तर कितीही गोड हिशेब आला तरी तो पडताळायला दुसरी जागाच उरत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेली वेगळी यूपीआय ओळख सुरू केली आहे. पैसे पाठवताना तेवढी पाहून घ्यावी.

चौथा प्रश्न परताव्याचा, आणि तो विचारायचा नसतो, ऐकायचा असतो. सल्लागार आपणहून ‘नक्की इतके टक्के’ म्हणाला की चहा संपवून उठावे. वर्षाला चाळीस टक्क्यांनी १० लाखांचे दहा वर्षांत जवळपास दोन कोटी नव्वद लाख होतात. ज्याला हे जमते त्याला तुमचे-माझे पैसे कशाला हवेत? बँक आनंदाने कर्ज देईल त्याला. अशा योजनांत पहिले काही हप्ते वेळेवर येतात, हीच तर मेख. आलेल्या हप्त्यांच्या जोरावर माणूस जास्त रक्कम घालतो, भावाला सांगतो, मेव्हण्याला सांगतो. ठेवी गोळा करणाऱ्याला ‘ही योजना कोणत्या नियामकाकडे नोंदली आहे?’ असे विचारावे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीच घातली आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर २०१६ पासून तपासणी आणि तक्रार दोन्ही करता येते. ठेव बँकेतच असली तरी विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच. फेब्रुवारी २०२० पूर्वी तर ते एकच लाख होते.

बाहेर पडताना किती कापले जाईल, पैसे किती वर्षे अडकतील, सल्लागारच उद्या नसला तर पुढे काय, हे प्रश्न बहुतेक जण विचारतात. त्यांवर वेगळे लिहायला नको. उत्तर मात्र लेखी घ्यावे.

एक परीक्षा उलटी घ्यायची असते: त्याने मला काय विचारले? सेबीच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत सल्लागाराने आधी गिऱ्हाइकाची जोखीम सोसण्याची ताकद तपासायची आणि तिला साजेसाच सल्ला द्यायचा असतो. बंगळुरूत या मुद्द्याला वजन आहे. आउटर रिंग रोडवर नोकरी करणाऱ्या पस्तिशीतल्या जोडप्याचा पगार ज्या कंपनीचा, शेअरही त्याच कंपनीचे, आणि गृहकर्जाचा हप्ता त्या पगारावर. कंपनीने माणसे कमी केली तर तिन्ही एकदम हलतात. हे न विचारता जो थेट ५० लाखांची पीएमएस काढून दाखवतो (पोर्टफोलिओ मॅनेजरची सेवा; तिची किमान रक्कमच तेवढी), त्याने गिऱ्हाईक पाहिले नाही, खाते पाहिले. आई-वडील कोणावर अवलंबून आहेत, आरोग्यविमा किती आहे, मृत्युपत्र केले आहे का, हे प्रश्न त्याच्याकडून आले नाहीत तर आपण तिथून उठावे. तो अपमान नव्हे. आणि कोरा फॉर्म पुढे सरकवून ‘स्वल्प अॅडजस्ट माडी’ (थोडे चालवून घ्या) म्हणाला, तर या एका बाबतीत बंगळुरूचा हा लाडका मंत्र विसरावा.

राहुल, हे सगळे सेबी आणि रिझर्व्ह बँक सांगत नाहीत का? सांगतात. माहितीपत्रके आहेत, जाहिराती आहेत. म्युच्युअल फंड ‘सही’ आहे हे सांगायला मोठमोठे क्रिकेटपटूही पडद्यावर आले. पण त्या जाहिराती पैसे कशात घालावेत ते सांगतात. समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाला कसे विचारावे, ते त्यांत दिसत नाही, आणि अडते तिथेच. दुसऱ्या बाजूला मोठ्या माणसांचे चेहरे चोरून वापरले जात आहेत. आपल्याच शहरातले नारायण मूर्ती यांना डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सांगावे लागले, की ट्रेडिंग अॅपची शिफारस करणाऱ्या त्यांच्या चित्रफिती बनावट आहेत.

तुमचा चेहरा सार्वजनिक कामाला लागतो, हे कर्नाटकाने पाहिले आहे. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत मतदार जागृतीसाठी निवडणूक आयोगाने तुम्हालाच पुढे केले होते. २०२१ मधली, जिच्यात तुम्ही रस्त्यावर चिडता ती इंदिरानगरची जाहिरातही कोणी विसरलेले नाही. तुम्ही चिडलात तर लोक हसतात. तुम्ही शांतपणे विचारलेत तर लोक ऐकतील.

माझे मागणे एवढेच. दोन-तीन मिनिटांची एक चित्रफीत करा. समोर एक सल्लागार बसवा, ओळखीचाच बसवा, आणि वरचे प्रश्न त्याला विचारा: नोंदणी कशाची, मोबदला कोणाकडून, चेक कोणाच्या नावाचा. परताव्याची हमी देतो का, ते ऐका. कोणत्याही कंपनीचे नाव नको, कोणती योजना चांगली तेही नको, आणि मानधन तर नकोच. पैशांच्या विषयावर पैसे घेऊन बोलणारे पुष्कळ आहेत. २०१८ बद्दल बोलावे असा आग्रह नाही; ती तुमची मर्जी. विचारताना हसतमुख राहा. प्रश्न विचारून मैत्री तुटत नाही, हे लोकांना तुमच्या चेहऱ्यावर दिसायला हवे.

आधी कन्नडमध्ये करा, मग मराठीत. मराठी तुमच्या घरचीच आहे. गांधीनगरच्या आमच्या महाराष्ट्र मंडळाने शंभरी ओलांडली आहे. गणपतीत तिथे आरतीनंतर पडद्यावर ती दाखवावी म्हणून मी स्वतः मंडळाकडे अर्ज करीन, आणि सेबी व रिझर्व्ह बँकेनेही ती आपल्या संकेतस्थळांवर घ्यावी अशी विनंती त्यांना वेगळी लिहीन. फक्त तुम्ही हो म्हणा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मल्लेश्वरम, बंगळुरू